मिनिटाला सोळा लिटर

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा आठवीतच सुटली आणि शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. पण आमच्या विनेशची फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

विनेशचं मनालीशी जमत आलं होतं. तिच्या बाबांची, चंदर नाखवांची, एकच अट. "माझी पोर चुलीवर पानी तापवनार न्हाय." शनिवारी ते घर बघायला मुक्कामाला येणार होते. म्हणून विनेश गुरुवारी श्रीवर्धनला गेला, नळ सोडताच गरम पाणी देणारा गॅस गिझर आणायला.

"घरात माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

घरात विनेश आणि आई केसरबाई, दोघंच. पण होडीवरचे आठ खलाशीही त्यांच्याकडेच जेवतात. ते काय परके?

"दहा," विनेश चपलांकडे बघत म्हणाला. (मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने चपलाच बघितल्या होत्या.)

"मग मिनिटाला सोळा लिटरवाला न्या!"

कपाटाएवढा गिझर न्हाणीबाहेर बसला. खलाशी जमले, हात लावून बघितला आणि विहिरीवर आंघोळीला गेले. "गरम पानी आजाऱ्याला," त्यांच्यातला म्हातारा म्हणाला.

विनेशने नळ सोडला. गिझर पेटेना. पाण्याचा ड्रम न्हाणीच्या छपरावर, धार शेवयीएवढी. आणि एवढ्या मोठ्या गिझरला पेटायला जोराचं पाणी लागतं.

"अहो, दोघांना सहा लिटरवाला पुरला असता, कमी धारेवर पेटतो," दुकानदार फोनवर म्हणाला. "सोमवारी बदलून देतो."

सोमवारी! शनिवारी चंदर नाखवा खांद्यावर टॉवेल टाकूनच आले. "बघू तुमचं मशीन!"

केसरबाईंनी गुपचूप मागची चूल पेटवली. विनेशने उकळत्या पाण्याचा हंडा शिडीवरून छपरावर नेला आणि ड्रममध्ये ओतला.

"झ्याक!" न्हाणीतून आवाज आला. "गुडघं मोकळं झालं, जावयबापू! उद्या सकाळी परत न्हातो, मंग सुपारी फोडू."

सकाळी विनेश पाचला उठला, हंडा तापवला, वर चढला. नाखवा न्हाणीत शिरले.

"जावयबापू, आज गार लागतंय. मशीन वाढवा जरा!"

"ओततो, बाबा!" विनेश बोलून गेला. छपरावरून.

खाली नळ बंद झाला.

"म्हंजे मशीन तूच व्हय?"

"व्हय," विनेश छपराच्या पत्र्याकडे बघत म्हणाला.

"मंग पोर सुखात ऱ्हाईल. आन आजून एक हंडा."

विनेश खाली उतरला आणि चूल फुंकायला बसला.