भित्र्या नायकाचा एकच फटका

ऑफिसात त्याला सगळे ससोबा म्हणत, आणि ते नाव आवडत नाही हे सांगायचीही त्याला भीती वाटे. कॉम्प्युटरवरचे खेळ बाजारात जाण्याआधी खेळून बघायचे आणि चुका शोधायच्या, ही त्याची नोकरी. आज अकराला नवा खेळ विकत घ्यायला पाहुणे यायचे होते आणि दहाला ससोबाला चूक सापडली. तीही कुठे, तर खुद्द साहेबांनी दोन वर्षं खपून रचलेल्या भागात!

साहेबांची कल्पना तशी झकास होती. खेळणाऱ्याने आपला नायक स्वतः घडवायचा. त्याला एखादी भीती चिकटवली की मोबदल्यात ताकद मिळायची. पालीची भीती दिली, तलवारीला धार आली. पण किती भीती द्यायची याला साहेबांनी मर्यादाच घातली नव्हती. ससोबाने आपलं सहज म्हणून, खेळातल्या यादीत स्वतःला ज्याची ज्याची भीती वाटते त्यावर खुणा केल्या. पाल, कुत्रा, लिफ्ट, फोनची रिंग, न्हाव्याचा वस्तरा करता करता एकेचाळीस झाल्या. नायक लटपटत गुहेत शिरला आणि शेवटच्या राक्षसाला त्याने एका फटक्यात आडवं केलं. दोन महिने पुरायचा खेळ चार मिनिटांत आटोपला.

साहेबांच्या कामात खोट काढणारे आधीचे दोघे त्याच दिवशी घरी बसले होते. बरं, न सांगावं तर पाहुण्यांसमोर शोभा! ससोबाने बायकोला फोन लावला. ती म्हणाली, सांगून टाका, खाणार आहेत का ते तुम्हाला. ससोबाला त्याचीही खात्री नव्हती. तरी जीव मुठीत धरून तो केबिनमध्ये गेला, तर तो तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, बरं झालं आलास, पाहुण्यांना तूच खेळून दाखव. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

पाहुण्यांमधल्या मुख्य बाईंनी चष्मा पुसला. "तुम्हाला कशाकशाची भीती वाटते, तेच टाका. बघू या."

दोन-चार खुणांवर भागलं असतं. पण खोटं वागायचीही त्याला भीती. त्याने सगळ्या खुणा केल्या. राक्षस पाय उचलण्याआधीच कोसळला. बाईंनी पुन्हा खेळायला लावलं, पुन्हा कोसळला. साहेब पांढरेफटक पडले.

"हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या आलं होतं," ससोबा म्हणाला. "साहेबांना सांगायला भ्यालो."

बाईंनी वही मिटली. कल्पना नामी आहे, आठ दिवसांत मर्यादा घाला, मग बोलू, असं म्हणून त्या माणसांसह निघून गेल्या.

साहेबांनी दार लावून घेतलं. झालं, गेली नोकरी, म्हणून ससोबा डोळे घट्ट मिटून उभा राहिला. बराच वेळ शिव्या येईनात, तेव्हा त्याने एक डोळा उघडला. साहेब खुर्चीत बसून कॅलेंडरवर आठ दिवस मोजत होते.

"आठ दिवसांत जमेल का रे? तू असशील ना? मला फार भीती वाटते."

ससोबाने त्यांना पाणी दिलं. "घाबरू नका, साहेब," तो म्हणाला. हे वाक्य आयुष्यभर त्याने नुसतं ऐकलं होतं; म्हणायची पाळी पहिल्यांदाच आली.