सयाजीरावांच्या उसातले दोन डोळे

संपत दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होता आणि चेहरा मात्र लग्नाच्या फोटोत ठेवतात तसा हसरा ठेवत होता. शेजारी त्याची धाकटी बहीण सोनल बसली होती. मंचरहून निघताना स्टिअरिंग बोटानं फिरत होतं. नारायणगाव सोडून खोडदच्या रस्त्याला लागले आणि समोर डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं आणि बॉनेटखालून कुणी कण्हावं तसा आवाज येऊ लागला.

"दादा, गाडीला काही झालंय का?"

"छे! जुनी गाडी आहे, बोलते जरा."

पॉवर स्टिअरिंग गेलं होतं. संपतला ते कळतही होतं, पण आज कबूल करायची हिंमत नव्हती. आईवडील गेल्यापासून सोनलचं लग्न ही त्याची जबाबदारी होती. आधीची स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. आता खोडदच्या सयाजीरावांचा भरत सोनलला आवडला होता, आणि चार मंडळी नेण्याआधी बहीणभावांनी जाऊन घर बघून यावं असं ठरलं होतं. अशा वेळी गाडी ढकलत त्यांच्या दारात जाणं म्हणजे शोभाच. हे स्थळ हातचं गेलं आणि तेही आपल्यामुळे गेलं तर काय, या धास्तीनं संपतला आठवडाभर घास गोड लागला नव्हता.

मुळात संपत भित्रा. भीती वाटली की तो गाडी हळू करायचा. पण पॉवर स्टिअरिंग गेलेल्या गाडीचा न्याय उलटा असतो. गाडी जितकी हळू, तितकं स्टिअरिंग जड. तो घाबरून वेग कमी करी, की स्टिअरिंग आणखी घट्ट होई, की तो आणखी घाबरे. ओढ्याजवळचं वळण आलं तेव्हा सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला होता आणि स्टिअरिंग हलायला तयार नव्हतं. संपत त्याला अक्षरशः लोंबकळला. या लोंबकळण्यात आपला पाय ब्रेकवर आहे की अॅक्सिलरेटरवर याचं भान राहिलं नाही. रस्ता वळला, गाडी सरळ गेली. उभ्या उसात शिरली, उतारानं आणखी आत घसरली आणि नुकत्याच पाणी दिलेल्या सरीत रुतून बसली. मागे ऊस पुन्हा मिटला.

दिवेलागण झाली होती. गाडीचे दिवे उसाच्या पानांवर थरथरत होते.

"हॉर्न वाजव," सोनल म्हणाली.

"नको, नको! गाव गोळा होईल. मुलीचा भाऊ उसात सापडला म्हणून बोभाटा होईल. मी गुपचूप मागं घेतो."

त्यानं गुपचूप मागं घ्यायला सुरुवात केली. इंजिन गुरगुरलं, स्टिअरिंग कण्हलं आणि चाकं जागच्या जागी चिखल उडवत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. सयाजीराव होते.

"पावणं, कुटवर आला?"

"आलोच की! अगदी जवळ."

"मंग तितंच थांबा! गाडीतून खाली उतरू नका. आमच्या उसात बिबट्या शिरलाय!"

"कुठल्या उसात?"

"वड्याच्या वळणावरच्या. म्या सोता बगितला. डोळं निस्तं पेटल्यात! आन् दोन डोळ्यांमदलं अंतर म्हंता का? त्यात मानूस झोपंल! मंजी जनावर केवढं आसंल! गुरगुरतंय बी लई बेकार."

या भागात बिबट्या म्हणजे पोरांना भिववायची गोष्ट नव्हे. ऊन कललं की इथे मोठी माणसंसुद्धा उसाकडे पाठ करत नाहीत. 'आम्ही त्याच उसात आहोत' असं सांगायला संपतनं तोंड उघडलं. तेवढ्यात मोडलेला ऊस डोळ्यांपुढे आला, आणि तो होणाऱ्या व्याह्यांचाच होता. त्यानं फोन बंद केला.

"सोनल, याच उसात बिबट्या आहे," तो कुजबुजला आणि त्यानं झटकन दिवे मालवले.

उसापलीकडे सयाजीरावांचं घर होतं, तिथून एकच गलका झाला. "डोळं मिटलं! दबा धरलाय त्यानं! मागं सरा!"

"ऐकलंस? दबा धरलाय!" संपत सीटवर आणखी खाली सरकला.

सोनलही घाबरली होती, पण ती मंचरच्या दवाखान्यात नर्स होती. घाबरलं तरी हात चालू ठेवायचे, ही तिची रोजची सवय. तिनं दिवे लावले.

"डोळं उघडलं!"

तिनं दिवे बंद केले.

"मिटलं, मिटलं!"

"दादा, कळलं का काही?"

"कळलं ना! तो आपल्याकडेच बघतोय!"

सोनलनं कपाळावर हात मारला. इतक्यात बाहेर कुणीतरी फटाके लावायला सांगितलं. माळ कडाडली. मागोमाग एक बाण सणसणत उसात घुसला आणि कुठेतरी वाळलेलं पाचट धुमसू लागलं. काचेतून धुराचा वास आत आला. आता मात्र सोनलचा आवाज चढला.

"दादा, उतर! बिबट्या आपणच आहोत! इथं बसलो तर भाजून निघू!"

"पण बाहेर बिबट्या..."

ती दार उघडून निघालीसुद्धा. बिबट्याच्या तावडीत सापडण्यापेक्षा एकटं राहणं संपतला जास्त भयंकर वाटलं. डोळे मिटून, तिची ओढणी मुठीत धरून तो मागोमाग निघाला. ऊस सळसळला.

"आला! आला रं आला! पळा!"

दोघं बाहेर आले तेव्हा सयाजीरावांच्या अंगणात चपला होत्या, वाजवून चेपलेली एक थाळी होती, माणूस नव्हता. स्वतः सयाजीराव गोठ्यात म्हशीच्या आडून डोकावत होते.

"पावणं? तुमी? आन् बिबट्या?"

"काका, बिबट्या नाही. आमची गाडी आहे," सोनल म्हणाली. "आधी पाचटावर पाणी मारा."

ओल्या सरीमुळे नुसता धूरच झाला होता, तो विझला. संपत हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला. आता 'कळवतो' हा शब्द ऐकू येणार याची त्याला खात्री होती. इतक्यात कांदे साठवायच्या चाळीच्या पत्र्यावरून आवाज आला.

"आवो, कुनीतरी शिडी लावा! पळनाऱ्यांनी पाडली. मला लई भ्या वाटतंय!"

वर इस्त्रीचा शर्ट घातलेला भरत पालथा पडून पत्र्याला चिकटला होता. सोनलनं शिडी लावली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"खाली बघू नका. एकेक पाय टाका. मी धरलीय."

तो उतरला. चहा आला. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी सयाजीरावांनी संपतला बाजूला घेतलं.

"ऊस काय, परत फुटंल, पावणं. पर पोरगी काय म्हंती? आमचा भरत तसा रातच्याला एकटा उसाला पानी भराया जातो वो. आजच कसं झालं, काय म्हाईत. जरा सांबाळून घ्या तिला सांगताना."

विनवण्या संपतनं करायच्या, त्या हे करत होते.

गाडी उसातच राहिली. दोघांना नारायणगावच्या एसटी स्टँडवर सोडायला ट्रॅक्टर निघाला. भरत चालवत होता. मागे ट्रॉलीत संपत दोन्ही हातांनी कडेचा गज धरून बसला होता.

"काय सांगू त्यांना?" त्यानं विचारलं.

"हो सांग."

"अगं, पण तो घाबरट आहे!"

"माहितेय. पण गावासमोर ओरडून सांगितलं त्यानं, भीती वाटतेय म्हणून. असा पेशंट सोपा असतो. 'काही नाही, काही नाही' म्हणणाऱ्यांचंच अवघड असतं, दादा."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, आणि ऊस आला की भरत ट्रॅक्टर आणखी जोरात सोडत होता. ट्रॉली हातभर उडत होती. पुढचं वळण दिसू लागलं तशी संपतनं बहिणीची ओढणी पुन्हा घट्ट पकडली.

"सोनल, त्याला हळू चालव म्हण. मला लई भीती वाटतेय."