सात घोड्यांचा कारखाना

आमच्या ह्यांच्या तेराव्याला वासुदेव जेवायला आला. पान संपवलं, हात धुतले आणि पिशवीतून सरकारी फॉर्म काढून माझ्यापुढे धरला.

"मावशी, पानातली फणसपोळी तुम्ही केलीत ना? मग बसून काय राहिलात? सही करा."

"अरे मेल्या, आज तेरावा आहे."

"दुःख आहेच हो. पण योजनेची मुदत मार्चअखेर आहे."

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. वासुदेव भाट्याच्या रस्त्याला आमच्या शेजारी एकटाच राहायचा. रत्नागिरीत उद्योगांच्या सरकारी कचेरीत नोकरी. त्याला माणसं दिसतच नसत, धंदे दिसत. आमच्या आळीतली सुमन सासरहून रडत परत आली, तर तिच्या हातचा पापड तोंडात टाकून हा म्हणाला, "सासर सुटलं तर सुटलं. हात शाबूत आहेत ना?" आठ दिवसांत तिने पापड लाटायला घेतले.

मला दुकानदारीची हौस नव्हती. पण फणसपोळीला मेमध्ये दिवसभर उन्हात बसावं लागतं. बरक्या फणसाचा रस ताटांत पसरायचा आणि काठी घेऊन कावळे हाकायचे. माझे गुडघे संपले होते. उद्योग म्हणून नोंद झाली तर सरकार जाळीची खोली बांधायला मदत देणार होतं. नाहीतर मी पोळ्या बंदच करणार होते. म्हणून सही केली.

फॉर्म त्यानेच भरला.

"कामगार किती?"

"मी."

"यंत्रं?"

"ताटं. बारा."

"चालतात कशावर?"

"उन्हावर."

"अश्वशक्ती किती लिहू?"

"मला काय ठाऊक! सूर्याच्या रथाला घोडे किती असतात?"

"सात," म्हणाला, आणि गंभीरपणे सात लिहिलं.

त्या मेमध्ये मी पन्नास पोळ्या केल्या. बाजारातल्या दुकानात ठेवल्या, महिन्याभरात संपल्या. दुकानदार सांगायचा, "मुंबईवाले नेतात." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तपासणीला घाटावरचे साहेब आले ते नेमके आषाढात. बाहेर धो धो पाऊस.

"कारखाना चालू नाही?" साहेबांनी विचारलं.

"फणस संपले," मी म्हटलं.

"आणि यंत्रं?"

"कारखाना वर आहे साहेब, ढगाआड," वासुदेव म्हणाला.

साहेब हसले नाहीत. "निदान माल दाखवा. नाहीतर मला 'बंद' लिहावं लागेल."

घरात एक तुकडा नव्हता. गेली माझी जाळी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात वासुदेव "आलो" म्हणून तसाच पावसात धावला. छत्री विसरला, म्हणून छत्री घेऊन मी त्याच्यामागे. त्याच्या घरात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

फळीवर माझ्या पोळ्या होत्या. कागदात गुंडाळून नीट रचलेल्या, चाळीस तरी. शेजारी सुमनचे पापड. खाली कोणाकोणाची लोणची, मेणबत्त्या. घराला दार एक आणि काथ्याची पायपुसणी अकरा. म्हणजे आमचे मुंबईवाले हाच. कोपऱ्यात स्टोव्ह, त्यावर एवढंसं पातेलं. एक ताट, एक वाटी.

"अरे, एवढं खाणार कोण?"

तो पोळ्या काढत होता. मान वर न करता म्हणाला, "पहिल्या वर्षी माल परत आला ना मावशी, की बायका पुन्हा करत नाहीत."

अर्ध्या पोळ्या मी उचलल्या.

साहेबांनी एक तुकडा चाखला, दुसरा मागून घेतला आणि कागदावर 'चालू' लिहिलं. वासुदेवला इतका आनंद झाला की त्यांना मोटारीपर्यंत सोडताना स्वतःच्या डोक्यावर छत्री धरायचं पुन्हा राहिलं.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम दोन माणसांचा भात टाकला आणि कुंपणावरून हाक मारली. "वासुदेवा, भात उरलाय. मला शिळं चालत नाही. ये."

तो स्वतःचं ताट घेऊन आला. मी ते बाजूला ठेवलं आणि त्याला पान वाढलं. उद्योगाबद्दल चकार शब्द काढला नाही त्याने. आमटी तेवढी तीनदा मागितली.