अंजिराशी हितगुज

आमच्या गल्लीत झाडांतलं कुणाला काही कळत असेल, तर ते मला! भर उन्हात लोकांची झाडं माना टाकतात आणि आमच्या परसातलं अंजीर मात्र पाहुणचार झोडणाऱ्या जावयासारखं टुमटुमीत! पाणी? थेंबभरसुद्धा नाही. मी रोज सकाळी त्याच्याशी चार शब्द बोलतो, बस्स! 'बागेला पाणी नाही, माणूस लागतो' हे माझं वाक्य तर बागप्रेमी मंडळाच्या फलकावर लागलंय.

म्हणूनच त्या रविवारी संध्याकाळी अख्खं मंडळ माझं प्रात्यक्षिक बघायला येणार होतं. विषय 'झाडांशी हितगुज'. मी सदऱ्याला इस्त्री करत होतो, तेवढ्यात सासूबाई संडासातून ओरडल्या.

"जावईबापू! पाणी खाली जायचं सोडून वर येतंय!"

"प्लंबरला बोलवा," बायको म्हणाली.

"प्लंबर कशाला? मी काय मेलोय?"

"मागे नळ दुरुस्त केलात, तेव्हा पलंग तरंगला होता."

"तेव्हाची गोष्ट वेगळी!"

परसात जाऊन मी चेंबरचं झाकण उघडलं आणि घराकडच्या पाइपात बांबूची पट्टी सारली. हातभर गेली आणि काहीतरी मऊ, केसाळ लागलं.

"केस!" मी निकाल दिला. "तुम्ही मायलेकी न्हाताना बघत नाही!"

"माझे केस मानेपर्यंतसुद्धा येत नाहीत," बायको म्हणाली.

"मग आईंचे!"

"माझ्या डोक्यावर उरलेत किती? या, मोजून घ्या!" सासूबाईंनी डोकंच पुढे केलं.

मी विषय बदलला आणि सळईचा आकडा करून आत अडकवला. ओढलं, हलेना. बायकोनं माझी कंबर धरली, सासूबाईंनी बायकोची. "हं, ओढा!" तिघांनी जोर लावला आणि मारुतीच्या शेपटासारखं काहीतरी लांबच लांब बाहेर आलं. आम्ही तिघंही चिखलात बसलो. मागोमाग घरभराचं तुंबलेलं पाणी घळाघळा चेंबरात उतरलं.

केस नव्हतेच ते. मूळ होतं! बायकोनं मुळाकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं आणि मग पाइपाच्या अगदी डोक्यावर उभ्या असलेल्या अंजिराकडं पाहिलं.

"अस्सं! म्हणजे हे तुमच्या गप्पांवर नाही वाढलं! आपल्या पाइपात तोंड घालून बसलं होतं! उद्याच्या उद्या तोडायचं."

"अगं, पण..."

"या घरात एक तर झाड राहील, नाहीतर संडास!"

थट्टा बाजूला ठेवतो. त्या झाडावर माझा जीव आहे. ऑफिसात साहेबाला जे ऐकवता आलं नाही, ते सगळं मी त्यालाच ऐकवलंय. एवढं निमूटपणे ऐकून घेणारं दुसरं कोण मिळणार?

तेवढ्यात फाटक वाजलं. मंडळ आलं! तेही वेळेआधी! सर्वांत पुढे अध्यक्षीणबाई. येता येता त्यांनी एक टपोरं अंजीर तोडून अर्धं तोंडात घातलंसुद्धा.

"वा! प्रात्यक्षिक सुरूही झालं?" चिखलात बसलेल्या आम्हा तिघांकडं बघत त्या म्हणाल्या.

"हो, म्हणजे, मुळांना जरा मोकळी हवा..." मी मूळ छातीशी धरलं. मंडळानं चक्क टाळ्या वाजवल्या! माझा धीर वाढला. "झाडाशी बोलायचं, तर थेट मुळाशी बोलावं!" पुन्हा टाळ्या.

"केवढं निरोगी मूळ हो!" अध्यक्षीणबाई कौतुकानं म्हणाल्या. "कशावर पोसलंय?"

"आमच्या संडासावर," सासूबाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. बाईंच्या हातात अर्धं अंजीर होतं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, चेंबरकडं पाहिलं.

"अर्धं तर खाल्लंच आहे," असं म्हणून त्यांनी उरलेलंही तोंडात टाकलं. "पण गोड आहे हो!"

मंडळाला एकाएकी कामं आठवली. फाटक लागल्याबरोबर बायको म्हणाली, "शोभा झाली ना? आता कुऱ्हाड आणा."

"थांब गं!" सासूबाई पदर पिळत म्हणाल्या. "रोज सकाळी जावईबापूंची बडबड ते झाड ऐकून घेतं. उद्या ते गेलं, तर कुणाला ऐकावी लागेल?"

बायकोचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू पुढची सगळी वर्षं तिला एकदम दिसली. मग ती आत गेली आणि तिनं प्लंबरला फोन लावला.

प्लंबरनं परसाच्या दुसऱ्या कडेनं सलग, बिनजोडाचा पाइप टाकला. संडास सुखी, सासूबाई सुखी आणि अंजीर जागच्या जागी! मी तर इतका खूश, की अध्यक्षीणबाईंनी फलकावरचं माझं वाक्य पुसलं, त्याचंही काही वाटलं नाही.

हितगुज अजून रोज चालतं. फक्त झाड आता बोलण्यावर भागवत नाही. सासूबाई खिडकीतून मुद्दाम विचारतात, "काय म्हणतंय आज?"

"तहान लागलीय म्हणतंय," मी सांगतो आणि दुसरी बादली भरायला जातो.