चिरुटाच्या डब्याची सतार

आमच्या पुसेगावात लिंबाजी सुतार कुणाच्याही घरी गेला, की रामराम करण्याआधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. मग आत येऊन निकाल द्यायचा. त्याच्या लेखी जगात दोनच प्रकार होते: बोलणारं आणि मुकं. आमची चौकट बोलणारी. पाटलांची चौकट गावात सगळ्यांत उंच, पण मुकी. टरबूज, रांजण, गाडीचं चाक, सगळ्यांची तपासणी अशीच. आमच्या नव्या जावयाशी ओसरीवर घटकाभर बोलून बाहेर पडला आणि मला हळूच म्हणाला, "पंत, लाकूड चांगलं हाय, पन मुकं हाय." मी गावच्या जमीनमोजणीचे कागद सांभाळणारा माणूस. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पण या निकालाला आज अकरा वर्षं झाली, तो बदलायची वेळ आलेली नाही.

लिंबाजीचा धंदा तिफणी करण्याचा. तिफण म्हणजे पेरणीचं तीन फणांचं अवजार. पुसेगावापासून साखऱ्यापर्यंतच्या शिवारात त्याच्या हातच्या एकेचाळीस तिफणी चालत होत्या. एका पेरणीला मी स्वतः मोजल्या होत्या, म्हणून आकडा खात्रीचा.

लढाईचे दिवस होते. तहसिलीचे एक साहेब दौऱ्यावर आले, आमच्या ओसरीवर दोन दिवस उतरले आणि जाताना चिरुटाचा रिकामा डबा ठेवून गेले. पातळ लाकडाचा, गोडसर वासाचा, झाकणावर पंख्यानं वारा घेणाऱ्या बाईचं चित्र. लांबी नऊ इंच, रुंदी साडेपाच, खोली सव्वादोन. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात लगेच सुया-दोरे भरले. चार दिवसांनी लिंबाजी आमच्या खाटेचा पाय बसवायला आला. सवयीनं डब्यावर पेर ठोकलं आणि खाटेचं विसरून खालीच बसला.

"पंत, ह्यो बोलून राहिला ना!"

"सुयांचा डबा आहे तो."

"सुया मडक्यात ठिवा. सुयायला कशाला पाहिजे बोलतं घर?"

आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "लिंबाजी, आधी खाटेचं बघा. काल हे घसरून उंबऱ्यापाशी सापडले."

खाट त्या दिवशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाजीनं दोन कप्प्यांची सागवानी पेटी आणून सुयांची सोय केली आणि चिरुटाचा डबा उपरण्यात बांधून नेला. जाताना सांगून गेला, "ह्याची सतार करतो. हनुमान जयंतीला मारुतीच्या देवळात भजनात वाजवतो." याआधी त्यानं एकही वाद्य केलेलं नव्हतं. हातातही धरलेलं नव्हतं. हिंगोलीच्या बाजारात एका फकिराजवळ एकदा पाहिलं होतं, तेवढंच. हनुमान जयंतीला सदतीस दिवस होते.

दांडीला मोडक्या तिफणीचं सागवान मिळालं. खुंट्या बाभळीच्या. तारा ज्यावर टेकतात ती घोडी बैलाच्या शिंगाची. लढाईमुळे तार कुठं मिळेना, तेव्हा हिंगोलीच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची जुनी तारेची दोरी आणून तिचे पदर सोडवले आणि तीन तारा चढवल्या. बोटानं तार दाबायची ते पडदे करायला छत्रीच्या काड्या लागल्या. छत्री माझी होती. हे मला पावसाळ्यात कळलं.

देवळातले धोंडू गुरव भजनाला पेटी वाजवायचे. त्यांना ही बातमी कळल्यावर ते रोज सुताराच्या मेटावरून, म्हणजे त्याच्या कामाच्या जागेवरून, मुद्दाम जायचे. "काय लिंबाजी, ह्यात सुपारी ठिवायची का तंबाखू?"

"तुमी या तर खरं जयंतीला. तुमची पेटी लाजून बंद पडंल."

"ती न्हाई पडायची बंद. तुझी फुटंल."

लिंबाजी हसायचा, पण त्याचे हात थांबायचे नाहीत. दुसऱ्यांच्या तिफणी कोपऱ्यात पडल्या. लोक मला सांगू लागले, पंत, त्याला समजवा, पेरणी तोंडावर येईल. मी गेलो आणि विचारलं, "काहून एवढी घाई करून राहिलास? पुढच्या जयंतीला वाजव."

त्यानं रंधा बाजूला ठेवला. बायको, गयाबाई, अंगणात ज्वारी पाखडत होती. त्याची तिच्याकडं पाठ होती तरी तो हळू बोलला. खरं तर हळू बोलायची गरज नव्हती. दोन वर्षांमागं तापात गयाबाईचा डावा कान गेला होता आणि आता उजवाही उतरत चालला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाही जाईल, कधी ते सांगता येत नाही.

"पंत, जात्यावर तिच्यावानी वव्या म्हननारी ह्या आळीत दुसरी न्हाई. पहाटं तिचा आवाज आला की आमी उठायचो. आता सूर सापडत न्हाई म्हनून गानंच सोडलं. म्हनते, लोक हसतेत. कान हाय तंवर तिला एक सूर द्यायचा हाय, बराबर. पुढली जयंती कुनी पाह्यली?"

मी घरी येऊन माझी फूटपट्टी घेतली आणि परत गेलो.

सतार अठराव्या दिवशी उभी राहिली आणि त्याच दिवशी फसली. लिंबाजीनं सा वाजवला, ठीक. मग एकेका पडद्यावर बोट सरकवत वर गेला, तसा आवाज कुठल्या कुठे भरकटला. धोंडू गुरव दारातच होते. "अरे, वासरू हंबरून राहिलं का?" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. लिंबाजीचा चेहरा उतरला.

मी पडद्यांमधली अंतरं मोजली. सगळी सारखी. दोन दोन इंच, एका केसाचाही फरक नाही.

"हे सारखे का लावलेस?"

"मंग? तिफणीचे फण सारखे नसले तर पेरा वाकडा व्हतो, पंत. तीस वर्सं झाली करून राहिलो."

चूक अशी, की ती फक्त उत्तम कारागीरच करू शकेल. पण सुरांचा पेरा निराळा असतो, एवढं मलाही दिसत होतं. तारेची मोकळी लांबी चोवीस इंच. मी सुतळीची घडी घालून बरोबर मध्यावर, बारा इंचांवर, खूण केली. तिथं तार दाबली तर तोच सा वरच्या सप्तकात वाजला. लिंबाजीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जादू केली. मग खुंट्यांकडून तिसरा हिस्सा, आठ इंच: पंचम. चौथा हिस्सा, सहा इंच: मध्यम. अपूर्णांक मला जन्मभर उपयोगी पडले होते, पण त्यांना आवाज असतो हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी तीन दिवस दुसरं काही केलं नाही. उरलेले सूर धोंडू गुरवांच्या पेटीशी ताडून लावले. कुतूहलापुढे त्यांचा टोमणाही टिकला नाही, ते स्वतः पेटी घेऊन मेटावर येऊन बसले. गंधाराचा पडदा पावणेपाचावर घ्यावा की पाचावर, याचा मला संशय होता. मी पाच धरले. पेटीशी जुळलं आणि आकडाही पूर्ण होता.

हनुमान जयंतीला सूर्योदयाच्या भजनात लिंबाजी चिरुटाचा डबा मांडीवर घेऊन बसला. झाकणावरची पंख्यानं वारा घेणारी बाई मारुतीकडं तोंड करून. पहिला अभंग चाचपडत गेला. दुसऱ्या अभंगापासून डबा असा बोलू लागला, की टाळवाले हात हळू करून ऐकायला लागले. धोंडू गुरवांनी पेटी थांबवली, सरकून आपल्या शेजारी चटईवर जागा करून दिली. "ये इकडं, उस्ताद." एवढंच म्हणाले. माझी छाती फुगली हे लपवत नाही. त्या वाद्यात सात पडदे होते आणि सातांची जागा मी काढली होती.

गयाबाई बायकांत खांबापाशी बसली होती. पूर्ण भजन तिनं नवऱ्याच्या बोटांकडं डोळे लावून पाहिलं. देवळातून घरी निघाल्यावर तिनं त्याला विचारलं, "बरं वाजलं का?"

लिंबाजीनं होकारार्थी मान हलवली. मी मागंच होतो. तिला सूर ऐकूच आला नव्हता; सदतीस दिवस कमी पडले होते, हे त्याला आणि मला एकदमच कळलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो अनवाणी, फुफाट्यातून पळत आमच्या दारी आला. चौकटीवर न ठोकता सरळ आत. सतार काखेत.

"पंत! चुकलं! तुमचं गणित चुकलं!"

"काय चुकलं?" मी जेवता जेवता उठलो. माझं गणित चुकल्याचं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"तिसरा सूर. चढून राहिला."

"कोण म्हणतं? धोंडू गुरव?"

"आमच्या घरची म्हनते!"

मग त्यानं एका दमात सांगितलं. सकाळी तो नुसता तारा पुसत बसला होता. गयाबाईनं डबा हातात घेऊन पाहिला, आणि तिला काय वाटलं कुणास ठाऊक, गाल त्यावर टेकवला. त्यानं तार छेडली. लाकडातला सूर गालाच्या हाडातून तिच्यापर्यंत पोचला असावा; तिनं डोळे मिटले. तो वर वर जात राहिला. तिसऱ्यावर तिनं कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "हे जरा चढतंय. आमच्या वव्यात असं न्हाई येत."

लिंबाजी हसत होता आणि उपरण्यानं नाक पुसत होता. "गुरवाला न्हाई कळलं, पंत. तुमाला न्हाई, मला न्हाई. तिला कळलं!"

संशय होता तिथं मी पूर्णांक धरला होता, हे मी त्याच्यासमोर कबूल केलं. फूटपट्टी आणि पकड घेऊन त्याच्या घरी गेलो. गयाबाई चुलीशी होती. मी पडदा पाव इंच मागं घ्यायला वाकलो, तसा लिंबाजीनं डब्यावर तळवा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, पंत."

"अरे, चुकीचा आहे ना तो?"

"म्हनून तर. बराबर सगळं झालं तर ती काय म्हनंल? ऐकू येतं का न्हाई, मला कसं कळंल?"

तो पडदा पाच इंचांवरच राहिला. त्यानंतर कितीतरी सकाळी मी त्यांच्या अंगणावरून गेलो. गयाबाई डब्याला गाल लावून बसलेली असायची आणि लिंबाजी सगळ्यांत आधी तोच सूर वाजवून तिच्या कपाळाकडं बघत थांबलेला असायचा.