टाकीतली नारळी पौर्णिमा

सहदेव मोंडकराच्या टाकीत मासे पाच होते आणि घरात माणसं तीन, पण दोन्हीकडे चालायचं एकट्याचंच. घरात सहदेवाचं आणि टाकीत तांडेलाचं. होडीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात, म्हणून पाचांतल्या सर्वांत दांडग्या माशाला सहदेवाने तेच नाव दिलं होतं. पोपटी अंग, निळंजांभळं डोकं, पिवळी शेपटी आणि नजर अशी की समोरच्याने आपणहून बाजूला व्हावं. बाकीचे चौघे म्हणजे सरसकट 'खलाशी'. त्यातल्या दोन तांडेलाच्याच जातीच्या माद्या, एक पट्ट्यापट्ट्यांचा आणि एक तांबूस. मालवणच्या बाजारात या माशांना कुणी विचारत नाही. इंग्रजी पुस्तकात मात्र त्यांना रॅस म्हणतात, आणि रंगीबेरंगी रॅस एका टाकीत ठेवणं म्हणजे चार जावांना एका चुलीवर नांदवणं, असं जॉर्ज मास्तरांचं मत होतं.

सहदेवाचं बाजारात जळक्या मोटरी बांधून द्यायचं दुकान होतं. मोटर आणि सहदेव, दोघेही तापलेले असले की हात लावू नये, हे गिऱ्हाइकांना पाठ होतं. चहा गरम असला की हा चिडायचा आणि निवला की दुप्पट चिडायचा. पण टाकीवर त्याचा जीव. काच त्याने स्वतः चिकटवलेली, पंप स्वतः बांधलेले, किनाऱ्यावरच्या खडपातले दगड स्वतः वाहून आणलेले. घरामागच्या समुद्राचं गढूळ म्हणून पाणी तर दर आठवड्याला होडी घेऊन किल्ल्यापलीकडून आणायचा.

"दर्याचा पाणी आसा ह्या, असली दर्याचा! नळाचा नाय!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. हे वाक्य त्याने इतक्यांदा सांगितलं की घरातल्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

टाकी आली ती पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिथे आधी त्याच्या बायकोचं, संजनाचं शिलाई मशीन होतं. ते गेलं स्वैपाकघरात, चुलीशेजारी.

"ओ, सुगंधान ब्लाउज परत पाठवल्यान," संजना एकदा म्हणाली. "बांगड्याचो वास येता म्हणता. लग्नात घातल्यान तर मांजरा पाठी लागतली."

"मगे बांगडे भाजू नको!"

"नाय भाजलंय तर जेवतलास काय? तुमचो तांडेल?"

त्यावरून जे वाजलं ते समोरच्या रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून ऐकत होते. शेवटी पैज लागली. चतुर्थीचे ब्लाउज शिवायला आले होते, तेव्हा संजनाही इरेला पेटली होती.

"ह्ये एकमेकांचे पर फाडतत. ह्यांचा पटाचा नाय," ती म्हणाली. "नारळी पुनवेपर्यंत पाचय जिते रवले, तर माजा मशीन जन्मभर चुलीकडे. एक जरी कमी झालो, तर मशीन खिडकीत आणि टाकी घराभायर."

"मंजूर!"

"आणि मोजूक जॉर्ज मास्तर येतले. तुमी मोजलास तर चाराचे सात करशात."

जॉर्ज मास्तर पलीकडच्या गल्लीतले. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कुडाळच्या सायबर कॅफेत जाऊन त्यांनी या माशांवरची बारा पानं छापून आणली होती. पाचही मासे एकदम सोडायचे, म्हणजे कुणालाच टाकी आपल्या बापाची वाटत नाही. तळाला बारीक रेव हवी. वर जाळी हवी, कारण दचकला की हा मासा उडी मारतो. सहदेव मास्तरांवर खेकसत खेकसत हे सगळं तंतोतंत करत गेला. सहा आठवडे झाले, पाचही जिवंत. तांडेलाने डोळे वटारले की खलाशी दगडामागे जायचे, आणि सहदेवाला ते फारच पटायचं.

"बघ," तो संजनाला म्हणायचा. "घर असा चलता."

नारळी पौर्णिमेच्या दिवशी अकराच्या सुमाराला सहदेव नवा शर्ट घालून मास्तरांना आणायला गेला. विजयाच्या आनंदात तो वाटेत फक्त दोघांवर ओरडला. मास्तरांना घेऊन तो उंबऱ्यात आला आणि तिथेच खिळला.

टाकीचं पाणी पिवळंधमक झालं होतं. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यात डुलत होता. जाळी भिंतीला टेकून उभी होती, आणि टाकीसमोर पाटावर त्याची आई यमुनाबाई हात जोडून बसली होती.

"आये! ह्या काय?"

"दर्याक नारळ दिलंय रे," यमुनाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं त्यांनी बाजारात मासे विकले होते आणि एकही नारळी पौर्णिमा चुकवली नव्हती. "औंदा माज्या ढोपरांका बंदरार जावचा होणा नाय, मागच्या पायऱ्याय उतरूक जमणा नाय. तूच म्हणतंस मां, असली दर्याचा पाणी म्हणान? मगे म्हटलंय, दर्याच घरात आसा."

सहदेवाने कपाळावर हात मारला. मग टाकीत पाहिलं. तांडेल नाही. पट्ट्यांचा नाही. तांबूस नाही. पिवळ्या पाण्यात दगड आणि नारळ, बाकी शुकशुकाट.

"मासे खंय?"

"ताच सांगतंय. तो मोठो आसा मां, तेणा—"

"गप रव!"

स्वैपाकघराच्या दारात संजना आली. नारळीभात होत आला होता, हातात पळी होती. तिला पाहताच सहदेवाच्या रागाला घर सापडलं.

"तूच! जाळी तूच काढलंस! सहा आठवडे ह्याच दिसाची वाट बघी होतंस! मशीनीसाठी पाच जीव घेतलंस!"

"मी? मी सकाळपासून नारळ खवतंय!"

"खोटा! माशांका मारलंस तू!"

संजनाने पळी खाली केली. चौदा वर्षं त्याचा आरडाओरडा तिने पंख्याच्या घरघरीसारखा कानाआड केला होता. पण ओरडणं वेगळं आणि खुनाचा आळ वेगळा.

"मास्तर मोजतले," ती सावकाश म्हणाली. "तवसर आणखी एक शबुद बोललास, तर ह्यो नारळीभाताचो टोप टाकीत ओततलंय. साखरेसकट."

सहदेव दात खात टाकीकडे वळला. हळदीचं पाणी आधी उपसायला हवं होतं आणि त्याला बालदी हवी होती. दाराशी निळी बालदी होती, झाकणाची, काल किल्ल्यापलीकडून आणलेल्या पाण्याने भरलेली. झाकणावर एक जास्वंदीचं फूल होतं आणि कुंकवाची चिमूट.

"हेचीय पूजा केलंस?"

"सहदेवा, त्या बालदीत—"

"हळद घातलंस! कळला माका!"

"अरे झिला, आयक तरी—"

"आये, गप म्हणान सांगलंय मां तुका!"

त्याने बालदी उचलली आणि मागच्या दारी गेला. घराच्या मागे दगडी पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. पुनवेची भरती होती, पाणी तिसऱ्या पायरीवर आलेलं. सहदेवाने तोंड घराकडे ठेवून, आईला, बायकोला आणि एकूण बायकांच्या जातीला शिव्या मोजत, झाकण उडवलं आणि बालदी उपडी केली. आतून यमुनाबाईंनी "शिरा पडली!" म्हणून डोक्याला हात लावला, पण शिव्यांच्या नादात तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

परत येऊन तो तांब्याने पिवळं पाणी त्याच बालदीत उपसू लागला. मास्तरांनी एव्हाना खुर्ची ओढून घेतली होती आणि चष्मा पुसत होते.

"सहदेव, हात काढ पाण्यातलो," ते म्हणाले. "हे मासे भियाले की रेवेत घुसतत. पान नऊ. वाचूक दिलेलंय तुका."

"रेवेत?"

"रेवेत. आता धा मिन्टां बोंबलू नको. तू बोंबललंस तर ते चतुर्थेपर्यंत येवचे नाय."

दहा मिनिटं सहदेव मोंडकर गप्प उभा राहिला. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्याने टिकटिकतं हे यमुनाबाईंना त्या दिवशी कळलं. राग कुठे काढावा हे सहदेवाला कळत नव्हतं.

मग तळाची रेव हलली. एक नाकाड बाहेर आलं. पट्ट्यांचा! त्याच्यामागून तांबूस. मग धाकटी मादी, मग थोरली.

"चार," मास्तर म्हणाले.

"येतलो! तांडेल येतलो! तो रुबाबात येता, शेवटाक!"

"मोठो पयलो येता, सहदेव."

आणखी पाच मिनिटं गेली. रेव हलली नाही. तेव्हा पाटावरून आवाज आला.

"आता बोलूं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"बोल!"

"तो रेवेत नाय. नारळ सोडलंय तशी तेणा उडी मारल्यान, थेट जमनीर. चाळीस वर्सां मासे हाताळलंय मी, माज्या हातातसून निसटता काय? धरलंय आणि घातलंय पाण्यात."

"खंयच्या पाण्यात?"

"दर्याचा पाणी घरात आणि खंय आसा? निळ्या बालदीत. परत उडी मारूक नको म्हणान झाकण लावलंय. कोणी हात लावूक नको म्हणान वर फूल ठेवलंय."

सहदेवाने हातातल्या बालदीकडे पाहिलं. ती निळीच होती.

तो मागच्या दारी धावला. तिसऱ्या पायरीशी झाकण हेलकावे खात होतं, थोड्या अंतरावर फूल, आणि त्यापलीकडे किल्ल्यापर्यंत नुसतं पाणीच पाणी.

"तांडेला!" तो ओरडला. समुद्राने काही मनावर घेतलं नाही.

"तीनदां सांगूक गेलंय," मागून यमुनाबाई म्हणाल्या. "तिनय टायमाक माका गप केलंस."

आपल्याच हाताने, आपल्याच तोंडाने आपण हे केलं, हे सहदेवाला कळत होतं. त्यामुळे तो जास्तच संतापला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःवर ओरडायचं होतं आणि ते कसं करतात याची सवय नव्हती. मान खाली घालून तो आत आला. पैज तो हरला होता. आता टाकी जाणार होती आणि उरलेले चौघेही जाणार होते.

"हयसर ये," मास्तर टाकीला नाक लावून म्हणाले. "बघ, बघ! थोरली!"

थोरली मादी तांडेलाच्या मोठ्या दगडापुढे उभी होती. पट्ट्यांचा जवळ आला, तशी ती त्याच्या अंगावर धावली. तांबूस आपणहून बाजूला झाला. मग ती तांडेलाच्या बिळात शिरली, फिरून बाहेर आली आणि सगळ्या टाकीला एक चक्कर मारून आली.

"दादलो गेलो की थोरली बायल ताबो घेता," मास्तर म्हणाले. "थोड्या दिसांनी तिचो रंगय बदलतलो. ती दादलोच होतली. पान अकरा."

"इतक्या बेगीन?"

"ती वाटच बघी असता रे."

सहदेवाने वळून पाहिलं. संजना गळ्यातली टेप काढून खिडकीची भिंत मोजत होती.

"टाकी घराभायर नको," ती म्हणाली. "माशांनी काय केल्यानी? ती तिकडच्या भिंतीक जातली. मशीन खिडकीत येतला. आणि तुमची आरामखुर्ची चुलीकडे."

"माजी खुर्ची? थंय बांगड्याचो—"

संजनाने पळी उचलली. सहदेवाने वाक्य अर्धं गिळलं.

"आणि तो नारळ भायर काढा," यमुनाबाई म्हणाल्या. "दर्याचो नारळ दर्याक. चला, गाराणा घालतंय."

सगळे मागच्या पायऱ्यांवर उभे राहिले. यमुनाबाईंना संजनाने एका बाजूने धरलं, मास्तरांनी दुसऱ्या. हळदीने पिवळा झालेला नारळ सहदेवाच्या हातात होता. यमुनाबाईंनी हात जोडले आणि बाजारात लिलावाच्या वेळी लावत तो आवाज लावला.

"बा दर्यादेवा म्हाराजा! आज पुनवेच्या दिसाक नारळ आणि तांडेल दोनय तुका पावले, ते मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" संजना आणि मास्तर म्हणाले.

"बायलमानूस बोलता ता पुरा आयकूची बुद्धी माज्या झिलाक दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यावेळी संजनाचा आवाज किल्ल्यापर्यंत गेला असावा.

"आणि तेच्या तोंडार वरसभर जाळी घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला घरच्या पुरुषाने होकार दिल्याशिवाय ते देवाला पोचत नाही. तिघंही सहदेवाकडे बघत राहिले. त्याच्या जिभेवर निदान सात शिव्या तयार होत्या. त्याने नारळ पाण्यात सोडला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

"ऐकाक नाय येवक," संजना म्हणाली. "मोठ्यान."