पुढची सूचना मिळेपर्यंत सरळ

ब्रेकबाई सकाळी उठल्या त्या रागातच उठल्या. वेळेवर आडवं व्हायचं, चादर ओढायची, डोळे मिटायचे, आणि एवढं सगळं रीतसर करूनही सकाळी माणूस रात्रभर पोती उचलल्यासारखा दमलेलाच उठणार असेल, तर त्याने चिडू नये तर काय करावं? डोकं जड, घशाला कोरड, अंग कणकणलेलं. तेवढ्यात शेजारी नवऱ्याने हातपाय ताणले आणि म्हणाला, "वा! काय झोप लागली!"

या वाक्याबद्दल एखाद्या बाईने नवऱ्याला उशी फेकून मारली, तर कुठलाही न्यायाधीश तिला सोडून देईल. बाईंनी उशी फेकून मारली.

"अगं, लवकर झोपत जा ना," नवरा उशी झेलत म्हणाला.

"तुमच्या आधी झोपले होते!"

"मग जास्त झोपतेस. जास्त झोपेनंसुद्धा थकवा येतो म्हणतात."

"कोण म्हणतात? बोलवा त्यांना घरी. बघतेच एकेकाकडे!"

असे म्हणणारे बाईंच्या आयुष्यात पैशाला पासरी होते. सासूबाई म्हणत, चालायला जा. जाऊबाई म्हणत, चालणं कमी कर. ऑफिसात म्हणत, मोबाईल बघत असाल. आणि डॉक्टरांनी तर कमालच केली होती. "रिपोर्ट सगळे उत्तम आहेत!" असं त्यांनी पेढे वाटावेत अशा आनंदाने सांगितलं. "या वयात बायकांना होतं असं. ताण घेऊ नका."

"मला ताण नाही हो, मला झोप येते! दिवसभर येते!"

"बरं, झोपेत तुमचं काय होतं ते कुणी पाहिलंय? घोरता, दचकता, श्वास अडकतो, असं काही?"

बाईंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. "मी एकदा पडलो ना डॉक्टर," नवरा अभिमानाने म्हणाला, "की छप्पर उडालं तरी कळत नाही." डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर 'ताण' असं लिहून टाकलं.

बाईंची नोकरी वाहन परवान्याच्या कार्यालयात होती. परवाना मागायला येणाऱ्यांची चाचणी घ्यायची. चाचणीच्या गाडीत परीक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. दमलेल्या माणसाला धीर कुठून असणार? समोर मांजर दिसलं तरी बाई तो ब्रेक दाबत, आणि शिकाऊ माणसाचं कपाळ स्टिअरिंगवर आपटे. 'ब्रेकबाई' हे नाव असं पडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाही राग होता.

त्या दिवशी गाडीत बसला तो एक सलूनवाला. दोनदा नापास झालेला. हात चालू झाले की त्याचं तोंडही चालू होई. पहिल्या वेळी एका गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याची हकीकत सांगताना त्याने गाडी फुटपाथवर चढवली होती, आणि दुसऱ्या वेळी तीच हकीकत पूर्ण करताना ती खांबाला नेऊन टेकवली होती.

"आज एक शब्द बोललात तर नापास," बाईंनी बजावलं. "मी सांगेन तिथं वळायचं. पुढची सूचना मिळेपर्यंत सरळ."

सलूनवाल्याने ओठ घट्ट मिटून मान हलवली. गाडी निघाली. काचेतून कोवळं ऊन बाईंच्या मांडीवर आलं, इंजिन गुणगुणू लागलं, आणि दुसऱ्या सिग्नलपाशी बाईंची मान एका बाजूला कलली.

आता सलूनवाल्याने करावं तरी काय? बोलायची चोरी. परक्या बाईमाणसाला हात लावून उठवणं बरं दिसत नाही. आणि त्याचा स्वतःचा धंदा असा, की खुर्चीतलं गिऱ्हाईक पेंगलं तर त्याला उठवायचं नसतं, काम गुपचूप पुढे न्यायचं असतं. तो सरळ निघाला. बाजारपेठ संपली. गोदामं संपली. शेतं लागली. सीटवर बाईंचा फोन वाजून वाजून थकला. शेवटी रस्ताही संपला आणि खाडी आली. गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट उभी होती. तिथल्या माणसाने 'घ्या पुढं' असा हात केला. सलूनवाल्याने खिडकीतून दोन बोटं दाखवून दोन तिकिटं घेतली आणि गाडी अगदी अलगद, एकाही हिसक्याशिवाय, बोटीवर चढवली. तेही सरळच होतं.

भोंगा वाजला तेव्हा बाई जाग्या झाल्या. समोर पाणी, मागे पाणी. त्यांनी सवयीने ब्रेक दाबला. पाणी थांबलं नाही.

"हे काय आहे?"

सलूनवाल्याने ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, बोला की!"

"बोलू? नापास नाही ना करणार?"

"आधी बोला!"

मग त्याने सगळं सांगितलं, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुम्ही घोरत होता."

"मी घोरत नाही!"

"घोरण्याचं काय हो, माझ्या खुर्चीत निम्मं गाव घोरतं. पण तुमचं घोरणं मधेच बंद पडायचं. श्वासच बंद. मी म्हणायचो, झालं, आटोपलं सगळं! मग असा काही आचका देऊन श्वास घ्यायचात, की स्टिअरिंग सुटता सुटता राहायचं. जरा वेळानं परत तेच. वाटभर तेच."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. इतकी वर्षं रात्रभर त्यांचा जीव गुदमरत होता, आणि सगळं जग त्यांना चालायला आणि लवकर झोपायला सांगत होतं. शेजारी माणूस झोपत होता, हातभर अंतरावर, आणि हे सांगायला एक सलूनवाला खाडीवर यावा लागला.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टरांसमोरही सांगायचं."

परत येईपर्यंत दुपार झाली. कार्यालयाच्या दारात साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. "कामावर डुलक्या काढता? सरकारी गाडी समुद्रात घालता?"

"खाडीत," बाई म्हणाल्या.

"डॉक्टरचं लेखी कारण आणा! नाहीतर उद्यापासून घरी निवांत झोपा."

निवांत! बाईंनी दात आवळले, सलूनवाल्याला तसाच गाडीत घातला आणि दवाखाना गाठला. नवऱ्यालाही फोन करून बोलावून घेतलं.

"हे आपले कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"साक्षीदार."

सलूनवाला सकाळभर तोंड दाबून राहिलेला, आता त्याला मोकळीक मिळाली. त्याने तपासणीच्या टेबलावर अंग टाकलं, मान कलती केली आणि घोरायला सुरुवात केली. मग एकदम थांबला. तो थांबला तो थांबलाच. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. शेवटी सलूनवाल्याने असा आचका दिला, की पेशंट गेला समजून बाहेरचा कंपाउंडर धावत आत आला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मी झोपलेली होते!" बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

त्यानंतर गोष्टी हलल्या. झोपेची तपासणी झाली, त्यात सलूनवाल्याचा शब्दन् शब्द खरा निघाला. लेखी कारण साहेबांच्या टेबलावर आदळलं गेलं. श्वास अडकू नये म्हणून रात्री नाकावर लावायचं एक यंत्र घरी आलं, आणि काही दिवसांत बाई सकाळी उठून म्हणाल्या, "वा! काय झोप लागली!" छप्पर उडालं तरी न उठणाऱ्या नवऱ्याला मात्र यंत्राच्या बारीक आवाजाने झोप लागेना. तो तारवटलेल्या डोळ्यांनी बसून होता.

"लवकर झोपत जा," बाई म्हणाल्या. यात त्यांना जे सुख मिळालं ते यंत्राच्याही वरचं होतं.

पुढे सलूनवाल्याची चाचणी पुन्हा लागली. बाई ताठ बसल्या, डोळे टक्क उघडे, पाय ब्रेकवर. सलूनवाल्याने गाडी सुरू केली. बंद पडली. पुन्हा सुरू केली. ती मागे गेली.

"त्या दिवशी बोटीवर चढवलीत, आणि आज फाटकातून निघत नाही?"

"बाई, रागावू नका. पण त्या दिवशी तुम्ही झोपला होता. तुमचा तो पाय ब्रेकवर दिसला ना, की माझे हातपाय गळतात." तो बाईंकडे वळला. "जरा झोपता का?"

"मला झोप येत नाही!" बाई कडाडल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून चमकल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत निघालं नव्हतं.

त्यांनी पाय ब्रेकवरून काढून सीटखाली घेतला आणि डोळे मिटले. एका पापणीची फट तेवढी ठेवली. गाडी निघाली, फाटकातून वळली, सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. एक हिसका नाही. त्याला धीर यावा म्हणून बाईंनी बारीकसं घोरूनही दाखवलं.

"बाई," सलूनवाला हळूच म्हणाला, "असं नव्हतं हो ते."

"एक शब्द बोललात तर नापास," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "पुढची सूचना मिळेपर्यंत सरळ. आणि पाणी दिसलं तर मात्र बोला."